मे महिन्यातली यादी आणि एप्रिलमधला ड्राफ्ट: कशावर किती विसंबावं?

प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या एका वडिलांचा आहे. त्यांचा मुलगा ज्या विद्यापीठात शिकतो, तिथल्या क्वार्टरबॅकचं (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) नाव पुढच्या वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक लीगसाठी कॉलेज खेळाडूंची होणारी निवड) पहिल्यावहिल्या याद्यांमध्ये वरच्या पाचांत आलं आहे. ड्राफ्टला अजून अकरा महिने आहेत. या याद्या कोण करतं, कशावरून करतं आणि त्या खऱ्या ठरतात का, असं त्यांनी विचारलंय.

कॉलेज फुटबॉलपटूंचे अहवाल लिहिणं हे बरीच वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवा: मे महिन्याच्या यादीतली नावं गांभीर्यानं घ्या, क्रमांक घेऊ नका. आणि खेळाडू क्वार्टरबॅक असेल, तर नावाबद्दलही नोव्हेंबरपर्यंत मत बनवू नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस ड्राफ्ट चालतो, सात फेऱ्यांत साधारण 257 खेळाडू निवडले जातात. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. आदल्या मोसमात ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट, तो संघ सगळ्यात आधी निवडतो, आणि ज्यानं निवडलं त्याच्याशीच खेळाडूला करार करावा लागतो. कराराची रक्कमही क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली असते. 2011 च्या कामगार करारापासून ही पद्धत आहे. त्याआधीच्या वर्षी, 2010 मध्ये, पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला होता; 2011 मध्ये कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले. आता आकडे पुन्हा वाढलेत, पण उतरंड तशीच आहे. 2025 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार सुमारे 4 कोटी 88 लाखांचा होता, तर 144 व्या क्रमांकावर गेलेल्या शेडूर सँडर्सचा सुमारे 46 लाखांचा. ही दोन्ही मुलं त्या वर्षीच्या वरच्या क्वार्टरबॅकमध्ये गणली जात होती. क्रमांकाचं महत्त्व किती, ते यावरून कळेल.

आता याद्यांकडे वळू. 'यादी' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतात आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पहिली 'बिग बोर्ड'. कोण किती चांगला खेळाडू आहे, याचा हा क्रम. यात संघांचा विचार नसतो. दुसरी 'मॉक ड्राफ्ट'. कोणता संघ कोणाला घेईल, याचा अंदाज. तिसरी संघांची स्वतःची यादी, जी बाहेर कधीच येत नाही. तुम्ही पाहिलेली बहुधा दुसऱ्या प्रकारची असणार. मे महिन्यातल्या मॉक ड्राफ्टमध्ये आणखी एक अडचण असते. पुढच्या मोसमात कोणता संघ शेवटी राहील हेच कुणाला माहीत नसतं, म्हणून बहुतेक लेखक सट्टेबाजीचे भाव उलटे करून निवडीचा क्रम लावतात. म्हणजे खेळाडूचा अंदाज आणि संघाचा अंदाज, दोन्ही एकमेकांवर रचलेले. तरीही ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी या याद्या निघतात, कारण त्या आठवड्यात वाचकांचं कुतूहल टिपेला पोचलेलं असतं. त्यात गैर काही नाही. फक्त ती कशासाठी लिहिली गेली, ते ठाऊक असावं.

संघ मे महिन्यात काय करतात, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बहुतेक संघ दोन सामाईक संस्थांपैकी एकीचे सभासद असतात. एक नॅशनल फुटबॉल स्काउटिंग, दुसरी ब्लेस्टो. ब्लेस्टोची मुळं 1963 मधली. लायन्स, ईगल्स, स्टीलर्स अशा संघांनी खर्च वाटून घेण्यासाठी ती उभी केली आणि त्या नावांची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव पडलं. या संस्थांचे स्काउट (खेळाडू पारखणारे) वसंतात कॉलेजांमध्ये जातात, पुढच्या वर्षी शेवटचा मोसम खेळणाऱ्या मुलांची उंची, वजन, हाताची लांबी, तळव्याचा आकार स्वतः मोजतात, जमलं तर धावण्याची वेळ घेतात आणि आदल्या मोसमाची फिल्म (सामन्यांचं चित्रण) पाहून प्रत्येकाला एक प्राथमिक श्रेणी देतात. मग सभासद संघांच्या बैठकीत ती सगळी नावं वाचून दाखवली जातात. संघांची पहिली यादी म्हणतात ती हीच.

या यादीचा उपयोग निवडीसाठी होत नाही. ऑगस्टमध्ये कोणत्या स्काउटनं कोणत्या सरावाला जायचं, कुठे दोन दिवस राहायचं, कुठे एक दुपार पुरे, हे त्यावरून ठरतं. एखाद्या छोट्या कॉलेजातल्या मुलाला बरी श्रेणी असेल तर तिथे गाडी वळते, नसेल तर वळत नाही. बस्स, एवढंच तिचं काम. आणि यात मुख्यतः चौथ्या-पाचव्या वर्षाची मुलं असतात. वृत्तपत्रांच्या याद्यांमध्ये मात्र तिसऱ्या वर्षाच्या नामवंतांची गर्दी असते, कारण टीव्हीवर तेच दिसलेले असतात. म्हणजे एकाच महिन्यात बनलेल्या या दोन याद्या बऱ्याचदा वेगळ्याच मुलांबद्दल बोलत असतात.

कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या उंची-वजनावर विसंबू नका, हेही जाता जाता सांगतो. तिथले आकडे सढळ हातानं लिहिलेले असतात. स्काउटनं स्वतः मोजलेला आकडाच खरा धरायचा, आणि तो कधीकधी एखाद-दोन इंचांनी कमी भरतो. ऑफेन्सिव्ह टॅकलच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला खेळाडू) बाबतीत हाताची लांबी 33 इंचांच्या वर की खाली, यावर लोक आठवडेच्या आठवडे वाद घालतात. 2025 मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विल कॅम्पबेल इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या मोजमापांत आणि चाचण्यांत) 33 च्या किंचित खाली भरला, विद्यापीठातल्या चाचणीत बरोबर 33 भरला आणि अखेर चौथ्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला.

याद्या खऱ्या ठरतात का, हे पाहायला मला 2025 चा ड्राफ्ट फार बोलका वाटतो. मे 2024 मध्ये निघालेल्या याद्या आठवून पाहा. क्वार्टरबॅकमध्ये जॉर्जियाचा कार्सन बेक अनेकांच्या यादीत सगळ्यात वर होता. 2023 मध्ये त्यानं 72 टक्क्यांहून अधिक पास पूर्ण केले होते आणि फक्त सहा इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पकडलेले पास) दिले होते. त्याच्या आसपास शेडूर सँडर्स आणि टेक्ससचा क्विन युअर्स. पुढच्या बारा महिन्यांत काय झालं? बेकचे इंटरसेप्शन दुप्पट झाले, डिसेंबरमध्ये एसईसी या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात कोपराला दुखापत झाली, ड्राफ्टसाठी दिलेलं नाव मागे घेऊन तो मायामी विद्यापीठात गेला. सँडर्स पाचव्या फेरीपर्यंत घसरला. युअर्स सातव्या फेरीत, 231 व्या क्रमांकावर गेला. आणि पहिला आला कॅम वॉर्ड. शाळेतून बाहेर पडताना भरती करणाऱ्यांनी त्याला मानांकनाचा एकही तारा दिला नव्हता. इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठात सुरुवात करून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला. जानेवारी 2024 मध्ये त्यानं ड्राफ्टसाठी नाव दिलं, मग विचार बदलून मायामीत आणखी एक वर्ष खेळायचं ठरवलं. त्या एका वर्षात 39 टचडाउन पास (गुण मिळवून देणारे). मे 2024 च्या याद्यांमध्ये त्याचं नाव पहिल्या क्रमांकाच्या आसपासही नव्हतं.

त्याच याद्यांमधली बाकीची नावं बघा आता. कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर वर होता, तो दुसरा गेला. मिशिगनचा डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पुढच्या फळीतला खेळाडू) मेसन ग्रॅहम पाचवा. ॲरिझोनाचा रिसीव्हर (पास झेलणारा) टेटायरोआ मॅकमिलन आठवा. टेक्ससचा टॅकल केल्विन बँक्स नववा. कॅम्पबेलचं वर सांगितलंच. ही सगळी नावं बरीचशी जागच्या जागी राहिली. घसरलेलेही होते: टेनेसीचा एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) जेम्स पिअर्स 26 व्या क्रमांकावर गेला, मिझुरीचा रिसीव्हर लूथर बर्डन 39 व्या, आणि मिशिगनचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) विल जॉन्सन, ज्याला पहिल्या पाचांत धरलं जात होतं, दुखापतींमुळे सहाच सामने खेळून 47 व्या. पण 39 आणि 47 म्हणजे अजून दुसरी फेरीच. क्वार्टरबॅक मात्र पहिल्या फेरीतून थेट पाचव्या आणि सातव्या फेरीत गेले. घसरण झाली तरी ती किती खोल, यात खेळण्याच्या जागेचा मोठा वाटा असतो.

असं का होतं? टॅकल किंवा कॉर्नरबॅकचं बरंच काही विसाव्या वर्षी शरीरात दिसतं. पाय किती हलके आहेत, कंबर किती वळते, पहिल्या तीन पावलांत वेग किती, हात किती लांब. पुढच्या वर्षभरात हे फारसं बदलत नाही. क्वार्टरबॅकचं काम डोळ्यांचं आणि निर्णयाचं. पहिला रिसीव्हर अडवला गेला की दुसऱ्याकडे नजर किती लवकर जाते, समोरून माणूस अंगावर येत असताना पाय स्थिर राहतात का, बचावाची मांडणी शेवटच्या क्षणी बदलली तर ओळखू येते का. हे एका मोसमात सुधारतं किंवा बिघडतं. शिवाय त्याचे आकडे एकट्याचे नसतात; त्याला वाचवणारी समोरची फळी म्हणजे लाइन, रिसीव्हर आणि खेळाची आखणी करणारा प्रशिक्षक, सगळ्यांचं मिळून ते होतं.

जो बरोचं उदाहरण याच कारणासाठी दिलं जातं. एलएसयूमध्ये 2018 साली त्याचे 16 टचडाउन पास आणि 57.8 टक्के अचूकता. 2019 च्या उन्हाळ्यात त्याला शेवटच्या फेऱ्यांतला खेळाडू मानत. मग न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक आला, पासिंगची सगळी पद्धत बदलली, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे दोघं समोर धावायला होते. 60 टचडाउन, 5,671 यार्ड, हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची), राष्ट्रीय विजेतेपद, आणि एप्रिल 2020 मध्ये पहिला क्रमांक. मे 2019 मध्ये त्याला खाली ठेवणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी जी फिल्म उपलब्ध होती, तीवरून तेवढंच दिसत होतं.

उलट बाजूचं उदाहरण स्पेन्सर रॅटलर. 2021 च्या मोसमाआधी ओक्लाहोमाच्या या मुलाचं नाव पहिल्या क्रमांकासाठी सर्रास घेतलं जायचं. ऑक्टोबरमध्ये टेक्ससविरुद्धच्या सामन्यात त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा केलब विल्यम्स आला. रॅटलर साउथ कॅरोलिनाला गेला आणि 2024 मध्ये पाचव्या फेरीत, 150 व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला कोण होता? केलब विल्यम्स.

2018 ते 2025 या आठ वर्षांतले पहिल्या क्रमांकाचे खेळाडू घेतले तर ट्रेव्हर लॉरेन्स, ब्राइस यंग आणि केलब विल्यम्स हे तिघं वर्षभर आधीपासून याद्यांच्या अग्रभागी होते. बेकर मेफील्ड, कायलर मरे, जो बरो, ट्रॅव्हॉन वॉकर आणि वॉर्ड हे पाच जण नव्हते. मरेला तर 2018 मध्ये बेसबॉलच्या ओकलंड ॲथलेटिक्सनं नवव्या क्रमांकावर निवडलं होतं. तो फुटबॉल खेळत राहील की नाही, हीच शंका होती. लॉरेन्स किंवा त्याआधीचा अँड्र्यू लक अशा मुलांबद्दल मात्र दोन-दोन वर्षं आधी सांगता येतं. पण असा मुलगा क्वचितच येतो, आणि दर वर्षी कुणाला तरी त्या जागी बसवण्याचा मोह याद्या करणाऱ्यांना होतो.

2025 च्या उन्हाळ्यातही तसंच झालं. आर्च मॅनिंग, गॅरेट नसमायर, ड्रू ॲलर, केड क्लबनिक यांची नावं पुढे होती. ॲलरचा घोटा ऑक्टोबरमध्ये मोडला. आणि कॅलिफोर्नियाहून इंडियानाला आलेला फर्नांडो मेंडोझा, जो बहुतेक याद्यांत त्यांच्या खाली होता, हाइझमन जिंकून गेला. जानेवारी 2026 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याच्या इंडियानानं मायामीला 27-21 असं हरवलं. मायामीचा क्वार्टरबॅक होता कार्सन बेक.

आता क्रमांकांबद्दल, कारण मुलाशी तुमचा वाद बहुधा त्यावरच होत असणार. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हे थेलर म्हणजे 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) यांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला जास्त चांगला ठरतो का, हे त्यांनी पाहिलं. उत्तर निघालं सुमारे 52 टक्के वेळा. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. हे प्रत्यक्ष ड्राफ्टच्या दिवशीचं, जेव्हा संघांकडे वैद्यकीय तपासण्या, मुलाखती, कंबाइनचे आकडे, सगळं असतं. मग अकरा महिने आधी सातवा आणि अकरावा यांत काय फरक असणार? म्हणून मी स्वतः क्रमांक लावतच नाही, गट करतो: पहिल्या फेरीचा ऐवज नक्की दिसतो ते, एखादी गोष्ट सुधारली तर तिथे पोचतील ते, आणि ज्यांची फिल्मच अजून पुरेशी नाही ते. तिसरा गट सगळ्यात मोठा असतो, आणि वॉर्ड, बरो, मेंडोझा यांच्यासारखे तिथूनच वर येतात.

आणखी एक गोष्ट मे महिन्याच्या याद्यांत मावत नाही: तो मुलगा ड्राफ्टमध्ये उतरणार का, हीच. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय पात्रता नाही. मॉरिस क्लॅरेट या कॉलेज खेळाडूनं या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं होतं. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण 2004 मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला. तो निकाल लिहिला होता सोनिया सोटोमायर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तीन वर्षं झालेल्या मुलाला लीगच्या सल्लागार समितीकडून मत मागवता येतं, आणि उत्तर तीनच प्रकारचं मिळतं: पहिली फेरी शक्य, दुसरी फेरी शक्य, किंवा कॉलेजात परत जा. पूर्वी तिसरं उत्तर मिळूनही अनेक मुलं उतरायची, कारण घरी पैशांची गरज असायची. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची परवानगी मिळाली आणि 2025 च्या मोसमापासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. परिणाम ठळक आहे: मुदतीआधी उतरणाऱ्यांची संख्या 2021 मध्ये शंभराच्या वर होती, 2024 मध्ये ती साठाच्या घरात आली. चौथ्या फेरीत जाण्यापेक्षा कॉलेजात राहून जास्त मिळत असेल तर मुलगा का जाईल? मला हा बदल मनापासून चांगला वाटतो. ज्या मुलांच्या अंगमेहनतीवर एवढी मोठी स्टेडियम भरतात, त्यांच्या हाती काही तरी पडतंय.

थांबण्यात धोका नाही, असं मात्र नाही. यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) क्वार्टरबॅक मॅट बार्कली 2012 चा ड्राफ्ट सोडून परत आला. पुढच्या वर्षी चौथ्या फेरीत, 98 वा. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेक लॉकर 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाचा उमेदवार मानला जात होता, थांबला आणि 2011 मध्ये आठवा गेला, तेही नव्या, कमी पगाराच्या पद्धतीत. नोटर डेमचा लाइनबॅकर जेलन स्मिथ 1 जानेवारी 2016 च्या फिएस्टा बोल सामन्यात गुडघ्याला जबर जखमी झाला, नसेलाही इजा झाली, आणि पहिल्या पाचांतला मुलगा 34 व्या क्रमांकावर गेला. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला मे महिन्यात आपण 'तिसरा' म्हणतो आणि ऑक्टोबरमध्ये 'घसरला' म्हणतो; दरम्यान तो दर शनिवारी अंगावर धडका घेत असतो आणि त्याच्या घरचे ते आकडे वाचत असतात. तुमच्या मुलाला वर्गात हा क्वार्टरबॅक भेटत असेल, तर त्याच्याशी यादीविषयी बोलू नये, एवढं जरूर सांगा. त्याला ती पाठ असते.

मग सप्टेंबरपासून काय पाहायचं? आकडे बाजूला ठेवा, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांतले, कारण तेव्हा दुबळ्या संघांविरुद्ध सामने असतात. मोठ्या संघाविरुद्धचा परगावचा सामना निवडा. तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात-आठ यार्ड हवे असताना तो काय करतो, ते बघा. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तेव्हा चेंडू घेऊन पळत सुटतो की दुसऱ्याकडे वळतो? दडपण आलेल्या डावांपैकी किती वेळा त्याला सॅक केलं जातं (पास फेकण्याआधीच पाडलं जातं), हा आकडाही कुठे मिळाला तर जपून ठेवा. कॉलेजमधली ती सवय मुलं एनएफएलमध्ये बरीचशी तशीच नेतात. त्याच्या संघात नवा आक्रमण-प्रशिक्षक आलाय का, आदल्या वर्षीच्या लाइनमधले किती जण गेले, हे ऑगस्टमध्येच तपासा. टीव्हीवर चेंडूमागे कॅमेरा धावतो, त्यामुळे बचावाची मागची फळी दिसत नाही. उंचावरून बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारी 'ऑल-22' फिल्म मिळाली तर तीच पाहा.

दुसऱ्या याद्याही वाचा, पण एकट्या-दुकट्या नको. पंधरा-वीस जणांच्या याद्या एकत्र करून काढलेला क्रम कुठल्याही एका नामवंताच्या यादीपेक्षा भरवशाचा असतो. डिसेंबरपासून अशा याद्यांना अर्थ येऊ लागतो. जानेवारीच्या मध्यावर नाव द्यायची मुदत संपते, तेव्हा निम्म्या शंका आपोआप मिटतात. त्यानंतर अलाबामातल्या मोबीलचा सीनियर बोल (शेवटच्या वर्षाच्या निवडक खेळाडूंचा सामना), फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसचं कंबाइन. तिथली धावण्याची वेळ सगळे पाहतात. संघांना त्याहून मोलाचा असतो तो डॉक्टरांचा अहवाल, जो आपल्याला दिसत नाही. एप्रिलमध्ये एखादा मुलगा कारण न कळता खाली जाऊ लागला, तर बहुधा कारण त्या अहवालात किंवा मुलाखतीच्या खोलीत असतं.

तुम्ही पाहिलेला क्वार्टरबॅक पहिल्या पाचांत राहील का? आज माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता आहे, यापलीकडे मी काही लिहून देणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, सात-आठ सामने झाल्यावर पुन्हा विचारा. तोवर त्याच्या कॉन्फरन्समधले दोन बरे बचाव त्याच्यासमोर येऊन गेलेले असतील, आणि मला फिल्मवरून काही सांगता येईल.